४० दिवसांची उपासाची डायरी पूर्ण वापरून झाली, आता सांगते कशी आहे

आधी माझा मूर्खपणा सांगते मग डायरीचं सांगते. पार्सल आलं, उघडलं, पानं मोजली (मला सवयच आहे, वही घेतली की मोजते) तर दिवसांची पानं भरली ४०. मग कॅलेंडर घेऊन बसले, राखेच्या बुधवारपासून (लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, त्या दिवशी सुरू होतो) ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत बोट ठेवून मोजलं तर ४६. परत मोजलं, ४६च. झालं, विकणाऱ्याला तावातावाने मेसेज टाकला की तुमच्या डायरीत ६ पानं कमी आहेत, बाइंडिंगवाल्याने गिळली काय, दुसरी पाठवा नाहीतर पैसे परत करा. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं, "ताई, रविवार सोडून मोजा."

सोडून मोजलं. बरोबर ४०. आता बोला! जन्मापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलेय, संडेस्कूलमधे शिकवलंय सुद्धा, आणि हे मला माहीत नव्हतं की लेंटमधले सहा रविवार उपासात धरतच नाहीत कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी शोक करायचा नसतो. आणि हे काही आजकालचं सोयीचं नाही बरं का, चौथ्या शतकात गांग्रा नावाच्या ठिकाणी धर्मसभा भरली होती तिने उलट जे लोक जास्तीची तपश्चर्या म्हणून मुद्दाम रविवारी उपास करायचे त्यांनाच शापित ठरवलं. म्हणजे उपास न करणाऱ्याला नाही, नको तेव्हा करणाऱ्याला. हे सगळं डायरीच्या पहिल्या पानावर चार ओळींत लिहिलं असतं तर माझी शोभा झाली नसती, ते लिहिलेलं नाही, हा पहिला मायनस.

माझं माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक. माहेरी उपास म्हणजे पाळकसाहेबांनी जाहीर केला की करायचा, अमुक शुक्रवारी उपास-प्रार्थना, संपला विषय. सासरी लेंट म्हणजे पूर्ण घराचा मूडच बदलतो. दोन्हीकडे कोणी नीट समजावून सांगितलं नाही की हे करायचं कशासाठी, म्हणून ही डायरी मागवली. नाव देत नाही, जाहिरात वाटायला नको आणि तक्रारी पण आहेत.

तर वस्तू कशी आहे. पंजाएवढी वही, कागद बऱ्यापैकी जाड, पण जेल पेन वापरलं तर मागे उमटतं, साधं बॉलपेन वापरा. तारखा छापलेल्या नाहीत, नुसतं दिवस १, दिवस २ असं आहे, ते बरंय कारण ईस्टर दरवर्षी हलतो, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कधीही येतो आणि राखेचा बुधवार त्याच्यासोबत सरकतो, त्यामुळे ही कुठल्याही वर्षी चालेल. पानावर वर एक वचन, खाली सात-आठ ओळींची टीप, आणि त्याखाली तीन रकाने: आज काय सोडलं, कोणासाठी प्रार्थना केली, वाचलेलं कुठे गेलं. हा तिसरा रकाना बाकी दोघांच्या निम्म्या रुंदीचा आहे, त्याच्याकडे मी येतेच, कारण पूर्ण डायरीत खरा माल तोच आहे.

कव्हर मात्र विनोदी आहे. सोनेरी ठसठशीत अक्षरात "माझा उपास" लिहिलंय, लांबून वाचता येईल इतकं, आणि आत पहिल्याच दिवशी वचन कोणतं तर बायबलातल्या मत्तयचा ६वा अध्याय, उपास करता तेव्हा ढोंग्यांसारखं तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका! म्हणजे आतला माणूस आणि कव्हर करणारा माणूस एकमेकांशी बोललेच नाहीत असं दिसतंय. मी ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं, शाळेत घालायचो तसं.

पण ती पहिल्या दिवसाची टीप छान आहे हां. येशू "जर उपास केलात तर" असं म्हणत नाही, "जेव्हा कराल तेव्हा" म्हणतो, म्हणजे माणसं उपास करणार हे त्याने धरूनच चाललंय, भांडण फक्त कोणाला दाखवायचं यावर आहे. आणि त्याच अध्यायात दान, प्रार्थना, उपास तिन्ही ओळीने येतात आणि तिन्हीला एकच अट, गुपचूप करा. मी हा अध्याय शंभरदा वाचला असेल पण तिन्ही एकाच दोरीत ओवलेत हे कधी दिसलं नव्हतं. पुढे एक मजेशीर गोष्ट दिलीय, दिदाखे म्हणून अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची एक छोटी नियमावली आहे, त्यात लिहिलंय की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात तर तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. मला जाम हसू आलं, येशू सांगतोय मन बदला आणि दोन-तीन पिढ्यांत आपण वार बदलून मोकळे. तरी ते बुधवार-शुक्रवार टिकलेत, ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या जुन्या परंपरेच्या) चर्चमधे वर्षातले बहुतेक बुधवार-शुक्रवार आजही उपासाचेच असतात, आणि मेथडिस्ट चळवळीवाले जॉन वेस्ली पण ऐन तरुणपणी हेच दोन दिवस पाळायचे.

नियमांचं एक घडीचं पान मधे चिकटवलंय, ते कॅथलिक लोकांसाठी एकदम कामाचं. पूर्ण उपासाचे दिवस वर्षात फक्त दोन, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, त्यात एकदाच पोटभर जेवायचं आणि दोनदा थोडंसं, ते दोन थोडंसं मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये. वय १८ पूर्ण ते साठावं लागेपर्यंत. मांस वर्ज्य करणं १४ वर्षांपासून पुढे, आणि कुठे काय बदल करायचे ते तिथल्या बिशपांच्या परिषदेवर. मी सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत, म्हणाल्या, "एवढंच? आणि मला तर साठीनंतर माफ आहे हे कोणी सांगितलंच नाही!" मी म्हटलं, "आई, मग यावर्षी सोडा." तर म्हणाल्या, "हो, सोडते, तू सोडल्यावर." मग त्यांनी त्यांच्या आईच्या वेळचं सांगितलं, मिस्सात (कॅथलिक उपासनेत) कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, घ्यायचं तर रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही, लेकरं चर्चमधे चक्कर येऊन पडायची. ते पण पानावर आहे: मध्यरात्रीपासूनचा नियम, मग १९५३ला पोप पायस बारावे यांनी पाण्याची सूट दिली, १९५७ला तीन तास केलं, १९६४ला पोप पॉल सहावे यांनी एक तासावर आणलं. लेंटचे आत्ताचे सैल नियम पण याच पॉल सहाव्यांचे, १९६६चे. सैल करताना त्यांचं म्हणणं हे नव्हतं की उपास संपला, म्हणणं असं होतं की प्रत्येकाला जमेल तसं प्रायश्चित्त, प्रार्थना आणि दानधर्म याकडे वळा. लोकांनी सैल तेवढं घेतलं आणि वळणं राहिलं, हे माझं मत आहे, डायरीचं नाही.

आता तिसरा रकाना. खरं सांगते पहिले ११ दिवस मी तो जवळजवळ कोराच ठेवला. मला कळलंच नाही "वाचलेलं कुठे गेलं" म्हणजे काय, मला वाटलं आज वाचलेलं वचन कुठे लागू केलं असं विचारतायत! दोन दिवस तर मी त्यात "ऑफिसमधे शांत राहिले" असं लिहून पण टाकलं होतं, ते आता पानावर कायमचं बसलंय. १२व्या दिवशीच्या टिपेत उलगडा झाला, वाचलेलं म्हणजे जेवण सोडून वाचलेले पैसे. दुसऱ्या शतकात रोममधे हर्मास नावाच्या माणसाने लिहिलेलं एक पुस्तक आहे, पहिल्या ख्रिस्ती लोकांत फार वाचलं जायचं, त्यात उपासाची रीत सांगितलीय: त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घे, मग तू जे जेवणार होतास त्याचा खर्च किती झाला असता त्याचा हिशोब कर, आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे. हिशोब कर! म्हणजे "मनापासून थोडं द्या" असं मोघम नाही, चक्क बिल काढ. आणि त्याच शतकात अथेन्सचा अरिस्टाइडीस म्हणून तत्त्ववेत्ता होता, त्याने रोमन सम्राटाला ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारं पत्र लिहिलं, त्यात तो सांगतो की यांच्यात कोणी गरीब असेल आणि यांच्याकडे जास्तीचं काही नसेल तर हे दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि ते अन्न त्याला देतात.

हे वाचून मी डायरी बंद करून ठेवली थोडा वेळ. कारण आपला उपास कसा असतो, तर मी दुपारचं जेवण सोडलं, ते पैसे वाचले, ते पैसे कुठे गेले? कुठेच नाही, अकाउंटलाच पडून. उलट संध्याकाळी उपास सोडताना जरा चमचमीत पाहिजे म्हणून दुप्पट खर्च. मग देवाच्या दृष्टीने मी काय केलं, वजन कमी केलं! आणि यशयाचा ५८वा अध्याय नेमका याच भांडणावर आहे, लोक देवाला विचारतात आम्ही उपास केला तर तू बघितलं का नाहीस, आणि तो म्हणतो उपासाच्या दिवशी तुम्ही आपलाच धंदा बघता, मजुरांना राबवून घेता, भांडता, मला पसंत असलेला उपास म्हणजे जोखडं तोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, बेघराला घरात घेणं. आपल्याकडे या अध्यायावर संदेश होतात पण ते बहुतेक "मग तुझा प्रकाश उगवेल" त्या आशीर्वादाच्या ओळीवर होतात, मजुरांच्या ओळीवर कमी.

मग मी १३व्या दिवसापासून आकडा लिहायला लागले. रोज सोडलेल्या जेवणाचा अंदाजे खर्च, पेन्सिलने, त्या निम्म्या रुंदीच्या रकान्यात (ज्याने डिझाइन केलं त्याला विचारायचंय की बाबा हा एवढा बारीक का ठेवलास, आकडा मावतो पण कोणाला ते मावत नाही). आणि एक विचित्र गोष्ट झाली, भूक लागली की आधी मी घड्याळ बघायचे, आता डोळ्यापुढे ती व्यक्ती यायची जिला ते जाणार होतं. भूक कमी नाही झाली हां, खोटं नाही बोलत, पण तिला चेहरा मिळाला. कोणाला दिले ते इथे लिहिणार नाही, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं मत्तयच्या त्याच ६व्या अध्यायात आहे आणि मी आधीच जास्त बोलून बसलेय.

फक्त एवढ्या एका रकान्यासाठी डायरी घ्यावी का? माझ्या मते हो. बाजारात उपासावर जे काही मिळतं, ॲप म्हणा, व्हिडिओ म्हणा, सगळं तुमच्या पोटाबद्दल, तुमच्या एकाग्रतेबद्दल, तुमच्या विजयाबद्दल. दुसऱ्याच्या ताटाबद्दल कोणी बोलत नाही.

आता तक्रारी, कारण आहेत.

२३व्या दिवशी मार्कच्या ९व्या अध्यायातलं वचन दिलंय, हा प्रकार (म्हणजे भूत) प्रार्थना व उपास यांशिवाय निघत नाही, आणि खाली टीप अशी की उपासाने प्रार्थनेला दुप्पट बळ येतं. इथे माझं डोकं फिरलं. एक तर "व उपास" हे शब्द सगळ्यात जुन्या मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, चौथ्या शतकातली सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस, त्यांच्या मूळ मजकुरात फक्त प्रार्थना आहे, म्हणून बऱ्याच नव्या भाषांतरांत ते शब्द नसतात किंवा तळटिपेत जातात. असू दे, पण त्या एका शब्दावर दुप्पट बळाचा हिशोब उभा करायचा? देव काय भूक मोजून ऐकतो का? बायबलातल्या दावीद राजाने आजारी मुलासाठी सात दिवस उपास केला, मूल गेलंच, आणि मग तो उठला, आंघोळ केली, देवाच्या घरी जाऊन नमन केलं आणि घरी येऊन जेवला. ही गोष्ट डायरीत नाही. जी माणसं आजारी माणसासाठी उपास करून बसलेली असतात त्यांना या टिपेपेक्षा दावीदाची जास्त गरज आहे. यासाठी अख्खा एक स्टार कापला.

दुसरं, प्रोटेस्टंट बाजू फार घाईत उरकलीय. १५२२ची झुरिकची गोष्ट आहे, लेंटमधे ख्रिस्तोफ फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी सॉसेज खाल्ले, तिथे उलरिख झ्विंगली हे तिथले सुधारक पाळक हजर होते, त्यांनी स्वतः खाल्लं नाही पण नंतर प्रवचन करून खाणाऱ्यांची बाजू घेतली की खाण्याबाबत ख्रिस्ती माणूस मोकळा आहे. डायरीत एवढंच सांगून पुढे जातात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं प्रोटेस्टंटांनी उपास टाकून दिला. तसं नाहीये, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५२९च्या छोट्या प्रश्नोत्तरीत लिहिलंय की प्रभुभोजनाआधी उपास करणं ही चांगली बाहेरची शिस्त आहे, पण लायक तोच ज्याचा त्या वचनांवर विश्वास आहे. भांडण उपासाशी नव्हतं, उपासाने पुण्य जमा होतं याच्याशी होतं. माहेरच्यांना दाखवायला मला हे पान पाहिजे होतं.

तिसरं आणि गंभीर. तब्येतीची सूचना शेवटच्या कव्हरच्या आत बारीक अक्षरात. शुगरवाले, गरोदर बायका, रोजची औषधं चालू असलेले, आणि ज्यांचं खाण्याशी आधीच बिनसलेलं असतं अशी मुलं-मुली, यांनी जेवण सोडू नये, दुसरं काहीतरी सोडावं, हे पहिल्या पानावर मोठ्याने पाहिजे. बायबलातल्या एस्तेर राणीने तीन दिवस अन्नपाणी दोन्ही सोडलं ते वचन ७व्या दिवशी बिनसूचनेचं दिलंय, उद्या कोणी उत्साहात तसंच केलं तर? एस्तेरच्या पूर्ण लोकांवर मरणाची तारीख लागली होती, तो रोजचा नियम नव्हता. दानीएल संदेष्ट्याचं तीन आठवड्यांचं आहे ते द्या ना, त्याने मांस, द्राक्षारस आणि चांगलंचुंगलं तेवढं सोडलं होतं, तसं बऱ्याच जणांना झेपेल.

एक दिवस फक्त बोलण्याच्या उपासाचा आहे, १८वा. जॉन क्रिसोस्तोम या जुन्या काळच्या नावाजलेल्या प्रवचनकाराने ३८७ साली अंत्युखियात दिलेल्या प्रवचनांवरून घेतलाय, की नुसत्या तोंडाने नाही तर डोळ्यांनी, कानांनी, हातापायांनी पण उपास करा, मांस नाही खाल्लं पण भावाला चावून खाल्लं तर काय उपयोग. त्या दिवशी मी पूर्ण जेवले आणि कोणाबद्दलही मागे बोलायचं नाही असं ठरवलं. सकाळी साडेदहापर्यंत टिकलं. जेवणाचा उपास याच्यापुढे काहीच नाही, हे त्या दिवसाच्या पहिल्या रकान्यात लिहून ठेवलंय.

आणि ३९वं पान. गुड फ्रायडेचं. त्यावर काहीच छापलेलं नाही, ना वचन ना टीप ना रकाने, पूर्ण कोरं. मला परत वाटलं छपाईची चूक (माझं काही खरं नाही) पण यावेळी मेसेज नाही टाकला, आणि त्या पानावर मी पण काही लिहिलं नाही.

स्टार पाचपैकी साडेतीन. कोणी घ्यावी: ज्यांना लेंट माहीत आहे पण कशासाठी ते माहीत नाही त्यांनी. ऑर्थोडॉक्स मंडळींनी घेऊ नये, त्यांचं लेंट सोमवारपासून सुरू होतं, राखेचा बुधवार नसतो, ईस्टरची तारीख पण बहुतेकदा वेगळी, दूध-अंडी पण वर्ज्य, त्यातलं इथे काहीच जुळणार नाही. जोडीने घ्यायची असेल तर दोन घ्या, एकीत दोघांचे आकडे मावत नाहीत. मी पुढच्या वर्षासाठी दुसरी मागवलीय आणि विकणाऱ्याला तिसरा रकाना रुंद करा म्हणून कळवलंय, अजून उत्तर नाही. यावर्षीची वापरलेली सासूबाईंनी मागून घेतली, चष्मा लावून माझे पेन्सिलचे आकडे वाचत होत्या, मग विचारलं, "हे दोन दिवस ऑफिसमधे शांत राहिले असं काय लिहिलंयस गं?"